ओट्यावरचे पाच दिवे

आमच्या स्वयंपाकघरातल्या स्विचबोर्डवर आठवडाभर एक लाल टॅग लटकत होता. जाड पुठ्ठ्याचा, वरच्या कोपऱ्यात भोक, भोकात सुतळी. त्यावर छापलेलं होतं, 'काम चालू आहे. हात लावू नये.' खाली नाव आणि तारीख लिहायला दोन रेघा. ज्या बटणावर तो लटकत होता ते माझ्या ओट्यावरच्या दिव्यांचं होतं. ते बटण मी दाबलं नाही. त्या आठवड्यात मी अर्ध्या उजेडात भाकऱ्या करपवल्या, तांदळातले खडे तसेच शिजवले आणि पुण्याच्या लेकीकडून फोनवर शहाणपणाचे चार शब्द ऐकून घेतले. तरी दाबलं नाही.

असं का केलं, ते सांगायचं तर आधी टॅगबद्दल सांगायला हवं.

आमचे हे तळोज्याच्या एका केमिकल कारखान्यात इन्स्ट्रुमेंट विभागात होते. सगळी नोकरी तिथेच गेली. नवऱ्याला 'हे' म्हणण्याची माझी सवय लेकीला जुनाट वाटते. पण नावाने हाक मारली तरी ते पेपरातून मान वर काढतील याची मला खात्री नाही, मग असलेली सवय कशाला मोडा? तर त्या कारखान्यात नियम असा होता, की मशीनवर काम करायचं तर आधी त्याची वीज बंद करायची आणि बटणावर आपल्या नावाचा टॅग लावायचा. मग कितीही मोठा साहेब आला तरी त्याने ते बटण दाबायचं नाही. ज्याने टॅग लावला त्यानेच तो काढायचा. शिफ्ट संपून माणूस घरी गेला असेल तर त्याला परत बोलवून घ्यायचं, पण दुसऱ्याने हात लावायचा नाही. कारण तो घरी गेलाय असं आपल्याला वाटत असतं आणि तो अजून पाइपांच्या मागे हात घालून बसलेला असू शकतो.

रिटायर होताना माणसं शाल आणि घड्याळ घेऊन घरी येतात. हे शाल, घड्याळ आणि उरलेल्या टॅगांचा एक गठ्ठा घेऊन आले.

त्यानंतर आमच्या खारघरच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटचा कारखाना झाला. गीझर उघडायचा, टॅग. पंखा पुसायचा, टॅग. एकदा उन्हाळ्यात मी वैतागून टॅग लावलेलं पंख्याचं बटण दाबलं. हे आतल्या खोलीत स्टुलावर होते. काही झालं नाही, पण ते खाली उतरून बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, आणि ते माझ्यावर जे ओरडले तसे लग्नानंतर कधी ओरडले नव्हते. रात्री जेवताना त्यांनी कारखान्यातल्या एका मित्राची गोष्ट सांगायला घेतली आणि अर्ध्यात सोडून दिली. उरलेली अर्धी मी विचारली नाही. त्यांचे बाकीचे सगळे नियम मी रोज मोडते, ओला चमचा साखरेच्या डब्यात घालते, वर्तमानपत्राच्या घड्या उलट्या घालते. टॅगला मात्र तेव्हापासून हात लावलेला नाही.

मागच्या वर्षी गणपतीनंतर त्यांना अर्धांगाचा झटका आला. डॉक्टर म्हणाले, हलका आहे. हलका म्हणजे काय ते ज्याला येतो त्यालाच ठाऊक. पाय सावरला, बोलणं सावरलं. उजवा हात राहिला. तो हलतो, वर जातो, मूठ मिटते. पण बोटांच्या टोकांना काही कळत नाही. पेन धरलंय की सुटलंय, हे त्यांना बघितल्याशिवाय समजत नाही. फिजिओथेरपीच्या ताई सांगून दमल्या, काका, हात वापरा, जितका वापराल तितका सुधारेल. ह्यांनी तो पायजम्याच्या खिशात घातला आणि तिथेच ठेवला. डाव्या हाताने चमच्याने जेवायला लागले आणि लग्नाकार्याला जाणं बंद केलं, कारण पंगतीत डाव्या हाताने जेवायची त्यांना लाज वाटायची. मी म्हणायची, बुफे असतो हल्ली सगळीकडे, कोण बघतंय? ते पेपर उघडून बसायचे.

मग एका संध्याकाळी मी भाजी निवडत असताना हॉलमधून त्यांचा आवाज आला. सोसायटीचा इलेक्ट्रिशियन मीटर बघायला आला होता. त्याला हे सांगत होते, "बाल्कनीत माझी टूलबॉक्स आहे. पुढच्या रविवारी येऊन घेऊन जा. पडून राहून गंजेल नुसती."

ती हिरवी लोखंडी पेटी आमच्या लग्नाच्या आधीपासूनची. घर बदललं, सोफे बदलले, पेटी तीच राहिली. तिच्यातला एखादा पाना लेकीने खेळायला घेतला तर ह्यांना जेवताना आठवायचं आणि ते ताटावरून उठायचे. ती पेटी द्यायला निघालेला माणूस दुसरंही काही द्यायला निघालाय, हे मला त्या क्षणी कळलं. आणि माझा स्वभाव असा, की मला भीती वाटली की आधी राग येतो. इलेक्ट्रिशियन गेल्यावर मी भांडी जरा जास्तच आपटली.

त्याच दिवसांत ओट्यावरचा एक दिवा गेला. गॅसच्या बरोबर वरचा.

आमच्या स्वयंपाकघराला खिडकी आहे, पण समोरची बिल्डिंग इतकी जवळ की त्यांच्या घरी फोडणी पडली तर शिंक आम्हाला येते. दिवसाही अंधारच. घर घेतलं तेव्हा इंटिरियरवाल्याने चांगली चाललेली ट्यूबलाइट काढून फॉल्स सिलिंग ठोकलं आणि ओट्यावर रांगेत पाच छोटे स्पॉटलाइट बसवले. प्रत्येक दिवा वाटीएवढा, मागे दोन बारीक पिना, बारा व्होल्टवर चालणारा. हॅलोजनचे ते दिवे इतके तापायचे की उन्हाळ्यात पोळ्या वरून शेकायच्या की खालून, असा प्रश्न पडायचा. ते सोडले तर उजेडाला चिमणीतला एक बारका दिवा, बस.

मी पिशवी घेऊन निघाले होते, एक दिवा आणायला. इलेक्ट्रिशियनकडूनच लावून घेणार होते. तेवढ्यात पेपरामागून आवाज आला, "एक आणू नको. पाचही आण."

"चार चांगले आहेत की."

"जुन्यात नवीन मिसळायचं नाही. एक गेला म्हणजे बाकीचेही त्याच वयाचे. शटडाउनला, कारखाना बंद असताना, आम्ही अख्खा सेट बदलायचो."

कितीतरी महिन्यांनी हा माणूस कारखान्यातल्यासारखा बोलला होता. मी चप्पल घालता घालता थांबले, आणि तिथेच ठरवलं की दिवे हेच बदलतील. पाच एलईडी आणले. दुकानदार म्हणाला, बारा व्होल्ट, दोन पिना, डिट्टो तेच, वर वीजही कमी खातात. खोके मी ह्यांच्या मांडीवर ठेवले आणि म्हटलं, "आता लावून द्या."

मी पोळ्यांची कणीक मळायला निघून गेले, कारण तिथे उभी राहिले असते तर त्यांनी नाही म्हटलं असतं.

बऱ्याच वेळाने पेटी उघडल्याचा आवाज आला. मग ते टॅग घेऊन स्वयंपाकघरात आले आणि पेन माझ्यापुढे धरलं. "नाव तू लिही. माझ्याच्याने नाही व्हायचं." मी शाळेत गणित शिकवलंय, फळ्यावर लिहून लिहून अक्षर चांगलं आहे. मी त्यांचं पूर्ण नाव लिहिलं, तारीख लिहिली, आणि त्यांनी डाव्या हाताने तो टॅग बटणावर अडकवला.

दिवा काढायला फार काही लागत नाही. समोरची तारेची रिंग चिमटीत दाबून काढायची, दिवा खाली घ्यायचा, मागचा होल्डर ओढायचा. नव्या दिव्याच्या पिना होल्डरमध्ये दाबायच्या, दिवा वर सारायचा, रिंग परत बसवायची. पण चिमटीत दाबायची, इथेच तर सगळं घोडं अडत होतं. रिंग टुणकन उडायची, ओट्यावर पडायची, एकदा वरणाच्या पातेल्यात पडली. मी ती काढून, धुऊन, पुसून परत हातात द्यायची. स्टूल धरून उभी होते. सूचना करण्यासारख्या हजार गोष्टी सुचत होत्या. तोंडाला कुलूप लावलं होतं. मला ओळखणाऱ्यांना याची किंमत कळेल.

पाचवा दिवा बसला तेव्हा त्यांच्या शर्टाची पाठ घामाने भिजली होती. खाली उतरून त्यांनी स्वतः टॅग काढला, मला म्हणाले, "लाव."

मी बटण दाबलं. पाचही दिवे लागले, आणि माझ्या तोंडून 'वा' निघायच्या आत मिचमिच करायला लागले. पहिला लागला की तिसरा जायचा, मग सगळेच फडफडायचे, मग सगळे बंद, मग पुन्हा. वर फॉल्स सिलिंगमधून बारीक किर्र असा आवाज येत होता. मी घाईघाईने बटण बंद केलं.

ह्यांनी दिव्यांकडे बघितलंच नाही. ते आपल्या बोटांकडे बघत होते.

"पिना नीट बसल्या नाहीत," ते म्हणाले. "मला कळतच नाही ना बसल्या की नाही ते."

मी स्टुलावर चढले. एकेक दिवा खाली घेऊन होल्डर दाबून बघितला. सगळे घट्ट होते, एकही हलत नव्हता. तसं सांगितलं.

"तू म्हणणारच," ते म्हणाले.

आणि खरंच, पिना ढिल्या असत्या तरी मी घट्टच आहेत म्हटलं असतं, आणि गुपचूप दाबून ठेवल्या असत्या. हे त्यांना माहीत होतं. इतकी वर्षं बरोबर काढली की धीर द्यायचीही सोय राहत नाही. त्यांनी काम अपुरं म्हणून टॅग परत बटणावर लावला, हॉलमध्ये गेले, टीव्ही लावला. आवाज बंद करून बातम्या बघत बसले. हात खिशात.

मला माझाच राग आला. बऱ्या चाललेल्या माणसाला स्टुलावर चढवून मी काय मिळवलं होतं?

मग तो आठवडा. मी चिमणीच्या त्या बारक्या उजेडात स्वयंपाक करायची. कांदा तांबूस झालाय की काळा, ते वासावरून ओळखायचं. ज्या माणसाने आयुष्यभर आमटीत मीठ कमी झालं तरी सांगितल्याशिवाय घास गिळला नाही, तो करपलेली भाकरी मुकाट्याने खात होता. मी मुद्दाम एकदा भाजीत मीठ घातलंच नाही. तीही खाल्ली. तेव्हा मात्र मी घाबरले.

लेकीचा फोन आला. तिला सगळं सांगितलं.

"आई, इलेक्ट्रिशियनला बोलव ना. दहा मिनिटांचं काम आहे. कसलं टेन्शन घेऊन बसलीयेस?"

"टॅग लावलाय बाबांनी."

"अगं, तो पुठ्ठा आहे."

"असू दे."

"तू अंधारात सुरी घेऊन भाजी चिरतेस आणि मला सांगतेस, असू दे? काढून टाक तो. बाबांना कळणारही नाही."

मी तिला म्हटलं, कळेल. इलेक्ट्रिशियन येईल, कुठेतरी काहीतरी दाबेल, दिवे लागतील, आणि ह्यांची खात्री पटेल की बिघाड बोटांतच होता. मग रविवारी पेटी जाईल, आणि पेटीमागोमाग माणूसही त्या सोफ्यात कायमचा जाऊन बसेल. लेक म्हणाली, "मग तू काय करणारेस?" मला माहीत असतं तर तिच्याशी कशाला भांडत बसले असते?

पण फोन ठेवल्यावर डोक्यात एक गोष्ट घोळत राहिली. पिना घट्ट होत्या. ह्यांचा विश्वास नसेल, माझ्या बोटांना तर कळलं होतं. मग दिवे मिचमिच का करत होते? मला वीज कळत नाही, पण चुकलेलं गणित कळतं. मुलगा म्हणतो, बाई, माझा गुणाकार कच्चा आहे म्हणून उत्तर चुकलं. बघायला जावं तर गुणाकार ठीक असतो, त्याने गणित उतरवून घेतानाच आकडा चुकवलेला असतो. गुणाकार कच्चा आहे हे त्याने आधीच ठरवलेलं असल्यामुळे तो वर बघतच नाही. आणि हे, जे कारखान्यात वाफेच्या एका थेंबावरून बिघडलेली झडप शोधायचे, त्यांनी परवा पेटीतला वीज मोजायचा मीटरसुद्धा बाहेर काढला नव्हता.

शनिवारी चहाच्या वेळी मी जुन्या दिव्यांचा डबा काढला. आमच्या घरात काहीही टाकून दिलं जात नाही, यावर लेक हसते. एक जळालेला बाजूला ठेवला, चार चांगले ह्यांच्या समोर टेबलावर मांडले.

"हे परत लावून द्या," मी म्हटलं.

"कशाला?"

"मला स्वयंपाक दिसत नाही."

"पिना बसल्याचं मला कळत नाही, सांगितलं ना."

"न कळू देत. त्याच बोटांनी लावा. बिघाड बोटांत असेल तर हेही मिचमिच करतील. मग मी एक शब्द बोलणार नाही. उद्या पेटी मी स्वतः लिफ्टपर्यंत उचलून देईन. पण हे नीट लागले, तर बोटांचं नाव घ्यायचं नाही."

ते चहाचा कप खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिले. शाळेत निरीक्षक आल्यावर मुलं बघतात तसं नाही. कोणीतरी बरोबर प्रश्न विचारल्यावर कारखान्यातले जुने लोक बघत असतील, तसं.

"चारही एकदम लावायचे नाहीत," ते शेवटी म्हणाले. "एका वेळी एकच बदल करायचा, नाहीतर कशामुळे काय झालं ते कळत नाही. आधी गॅसवरचा."

मी स्टूल आणलं. त्यांनी गॅसवरचा नवा दिवा काढला, जुना लावला. रिंग दोनदा पडली. मग खाली उतरले, टॅग काढला, सुतळी दातात धरली कारण हात स्टुलाला टेकला होता, आणि तसेच तोंडातल्या तोंडात म्हणाले, "लाव."

पाचही दिवे लागले. लागलेलेच राहिले. चार पांढरे आणि मधे एक जुना पिवळा. वरची किर्रकिर्र बंद. ओट्यावरची मोहरी मोजता यावी इतका उजेड पडला.

माझा जीव भांड्यात पडला. पण ह्यांचा चेहरा हलला नाही. "बंद कर," म्हणाले. बटणावर परत टॅग लावून वर चढले आणि जुना दिवा काढायला हात घातला. तो नुकता जळत होता.

"अहो, तापलाय तो," मी ओरडले. त्यांनी हात मागे घेतला, पण उशिराच. तर्जनीचं टोक लाल झालं होतं आणि त्यांना पत्ता नव्हता. मी पाण्याखाली धरायला लावलं. ते पाण्याखाली हात धरून मान वळवून दिव्यांकडेच बघत होते. फडक्यात धरून त्यांनी तो जुना काढला, नवा लावला. टॅग काढून म्हणाले, "लाव." मिचमिच. पुन्हा जुना. स्थिर. पुन्हा नवा. मिचमिच. मी बटणाशी उभी होते आणि ते 'लाव', 'बंद' असे हुकूम सोडत होते. माझं डोकं फिरायची वेळ आली होती आणि मला ते थांबावं असं अजिबात वाटत नव्हतं.

मग ते स्टुलावर बसले. "लोड," म्हणाले.

"काय?"

"लोड कमी पडतोय. वर सिलिंगमध्ये ट्रान्सफॉर्मरचा डबा आहे ना, तो जुन्या दिव्यांच्या हिशोबाचा आहे. जुने खूप वीज खायचे. नवे अगदी थोडी खातात. पाच नवे मिळूनही त्या डब्याला वाटतं कोणी आलेलंच नाही. म्हणून तो धड चालू होत नाही, धड बंद होत नाही."

"म्हणजे स्टेशनवरची शेअर रिक्षा," मी म्हटलं. "सीट भरल्याशिवाय निघायची नाही, नुसती पुढे-मागे करणार."

"अगदी तसंच. आणि हा जुना एकटाच तीन सीटचा आहे. तो बसला की रिक्षा निघाली."

असं म्हणून ते हसले. हसताना त्यांचं तोंड अजून थोडं डावीकडे जातं. गेल्या वर्षभरात मी ते इतक्या कमी वेळा बघितलं होतं, की मला त्याची सवयही झालेली नव्हती.

"तरी सगळे लोक एक गेला की एकच बदलतात," मी म्हटलं. सोडते थोडीच. "तुमच्या शटडाउनच्या नियमाने पाच बदलले, म्हणून हे झालं. मी म्हणत होते तसा एकच आणला असता, तर चार जुन्यांच्या जोरावर तोही मुकाट्याने लागला असता."

"हो," ते म्हणाले. "माझा नियम चुकला. बोटं नाही."

आपलं चुकलं म्हणून इतका खूश झालेला माणूस मी दुसरा बघितला नाही. गॅसवर जुना दिवा परत लावला, आणि त्या संध्याकाळी त्यांनी भाकरीला नाव ठेवलं, कडा कच्च्या राहिल्या म्हणाले. पाच दिव्यांच्या लख्ख उजेडात ती भाकरी अगदी व्यवस्थित भाजलेली होती. मी वाद घातला नाही. कडा त्यांच्या ताटातून उचलून स्वतः खाल्ल्या.

रविवारी मी आंघोळ करून बाहेर आले तर हे घरात नव्हते. टेबलावर उरलेला नवा दिवा नव्हता, दारातल्या चपला नव्हत्या. फोन केला. मागे रिक्षांचे हॉर्न वाजत होते. "दुकानात आलोय," म्हणाले. "नव्या दिव्यांना चालेल असा डबा घ्यायचाय. जुना दिवा लावून भागवणं म्हणजे काम झालं असं नाही." झटक्यानंतर ते एकटे सोसायटीच्या गेटबाहेर गेले नव्हते. मी खिडकीत जाऊन उभी राहिले, जणू तिथून दुकान दिसणार होतं.

तेवढ्यात बेल वाजली. इलेक्ट्रिशियन होता. साताऱ्याकडचा, आमच्याहून बराच लहान, गप्पिष्ट माणूस. दिव्यांच्या त्या उद्योगात रविवारचं मी साफ विसरले होते. हेही विसरले असणार, असं मला वाटलं.

"काकू, टूलबॉक्स न्यायला आलोय. काका बोलले होते, रविवारी ये."

ते घरी नाहीत, नंतर ये, म्हणावं तर तो म्हणणार, पेटी तर बाल्कनीतच आहे ना. मी देत नाही म्हणायचं, तर ती माझी नव्हती. मी त्याला बाल्कनीत घेऊन गेले.

पेटी जागेवर होती. पुसलेली. आणि तिच्या कडीला सुतळीने एक लाल टॅग बांधलेला होता.

मला वाटलं, स्वयंपाकघरातला तोच असेल. पण तो माझ्या अक्षरातला होता, आणि हा नव्हता. 'काम चालू आहे. हात लावू नये' याच्याखाली, नावाच्या रेघेवर, निळ्या पेनने लिहिलेलं होतं. एक अक्षर मोठं, एक बारीक, आडनाव रेघ सोडून पार खालच्या कोपऱ्यात गेलेलं. काना एकीकडे, वेलांटी दुसरीकडे. पेन इतकं दाबलेलं की पुठ्ठ्याला मागून वळ उठले होते. डाव्या हाताने लिहिलं असतं तर बरं आलं असतं, डाव्या हाताने ते आता चेकवर सही करतात. हे उजव्या हाताचं होतं. सकाळी मी आंघोळीला गेले तेवढ्यात, की त्याच्या आधीच, भाजलेल्या बोटाने, त्यांनी एकट्याने बसून हे लिहिलं होतं.

ते नाव वाचायला मला वेळ लागला, आणि तो अक्षरामुळे नव्हे. मला रडू आलं होतं.

इलेक्ट्रिशियन वाकून टॅग बघत होता. पेटीकडे गेलेला हात त्याने मागे घेतला.

"रबाळ्याला कंपनीत होतो तेव्हा असले टॅग लावायचो आम्ही," तो म्हणाला. "हा काकांनी लावलाय ना? मग मी नाय हात लावणार काकू. ज्याने लावला त्यानेच काढायचा असतो."

"हो," मी म्हटलं. "चहा घेऊन जा."

नवा डबा त्याच दुपारी बसला. आता ओट्यावर पाचही दिवे पांढरे आहेत. पेटी दर दोन दिवसांनी कशासाठी तरी उघडते, टॅग बाजूला सारून. केर काढताना मी ती सरकवते, तिच्याखालची धूळ पुसते, कडीला बांधलेली सुतळी सैल झालीय का तेवढं बघते. टॅगला हात लावत नाही.